लंडन हीथ्रो ते लिस्बन: विमानाचं अंतर, लागणारा वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन–लिस्बन हा मार्ग युरोपात सुट्टीवर जाणाऱ्यांचा. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरांसाठी तो कागदपत्रांचा, नातेवाइकांचा आणि पोर्तुगीज पासपोर्टाचाही मार्ग आहे. स्विंडन किंवा साउथॉलमध्ये राहणारी गोव्याची मंडळी, लंडनमध्ये नोकरी करणारे मुंबई-पुण्याचे लोक आणि भारतातून लंडनमार्गे लिस्बनला जाणारे प्रवासी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हीथ्रो ते लिस्बन विमानाचं अंतर नेमकं किती?

सरळ रेषेत सुमारे १,५६४ किलोमीटर, म्हणजे ९७२ मैल. वैमानिक सागरी मैलांत मोजतात, त्या हिशेबाने ८४४. सरळ रेषा म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांना जोडणारी सगळ्यात आखूड रेषा.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आकडे वेगळे का दिसतात?

कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी किंचित चपटी. कोणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतं. त्यातून दोन-चार किलोमीटरचा फरक पडतो, तो सोडून द्या. पंधरा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर मात्र कोणता विमानतळ धरला आहे ते तपासा. लंडनला विमानतळ एक नाही. लिस्बनपर्यंत गॅटविकहून सुमारे १,५४२, लंडन सिटीहून १,५८०च्या पुढे, लूटनहून १,६००च्या आसपास आणि स्टॅनस्टेडहून १,६२५च्या आसपास किलोमीटर भरतात. पोर्तुगालकडे जाताना गॅटविक सगळ्यात जवळ, कारण ते शहराच्या दक्षिणेला आहे.

मग विमान प्रत्यक्षात १,५६४ किलोमीटरच उडतं का?

नाही, थोडं जास्त. आखूड रेषा दक्षिण इंग्लंडवरून इंग्लिश खाडी ओलांडते, फ्रान्सच्या ब्रिटनी भागावरून जाते, बिस्केच्या उपसागरावर सुमारे ५०० किलोमीटर पाण्यावरून उडते, स्पेनच्या अस्तुरियास किनाऱ्यावर जमिनीला लागते आणि उत्तर पोर्तुगालवरून लिस्बनला उतरते. प्रत्यक्ष मार्ग ठरतो तो हवाई वाहतूक नियंत्रण, वारा आणि त्या दिवशीची गर्दी पाहून.

फ्रान्समध्ये हवाई नियंत्रकांचा संप असला की या मार्गाला हमखास फटका बसतो. तुमचं विमान फ्रान्समध्ये उतरणारच नसतं, तरी जातं फ्रेंच आकाशातून. अशा दिवशी काही विमानं ब्रिटनी टाळून पश्चिमेला समुद्रावरून वळसा घालतात, काही उशिरा सुटतात, काही रद्द होतात. लिस्बनला जायचं तर फ्रान्सच्या बातम्या कशाला बघायच्या, असं वाटतं खरं. पण आदल्या दिवशी एकदा बघाच.

विमानाला किती वेळ लागतो?

तिकिटावर साधारण पावणेतीन तास दिसतात, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. त्यात प्रत्यक्ष हवेत असता ते दोन तास पाच मिनिटं ते दोन तास वीस मिनिटं.

उरलेला वेळ जमिनीवर जातो. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे सरकण्याची वेळ, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या गेटला लागण्याची. हीथ्रोवर गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जायला आणि तिथे रांगेत थांबायला वीस मिनिटं सहज जातात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतातच. म्हणून विमान वीस मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचलं, अशी उद्‌घोषणा ऐकू येते. वैमानिकाने वेग वाढवला म्हणून तसं होतं असं नाही, बहुतेक वेळा ती ढील कामी आलेली असते.

अंतर भागिले वेग असा हिशेब का जुळत नाही?

या मार्गावर बहुतेक एअरबस ए३२० गटातली किंवा बोइंग ७३७सारखी विमानं असतात. उंचीवर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. १,५६४ भागिले ८३० म्हणजे एक तास त्रेपन्न मिनिटं. पण सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं चढण्यात आणि शेवटची तितकीच उतरण्यात जातात, आणि त्या काळात विमान इतक्या वेगाने जात नसतं. उतरण्याआधीचा वळसा वेगळाच. पुण्याहून गोव्याला गाडीने जाताना घाटातले तास जसे वेगळे धरतो, तसे इथे हे दोन टप्पे वेगळे धरा.

जाताना आणि येताना वेळ वेगळा लागतो का?

लागतो, पण अमेरिकेच्या प्रवासासारखा तासाभराचा फरक नसतो. या भागात वरच्या हवेतले वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनहून लिस्बन दक्षिण-नैऋत्येला आहे. त्यामुळे जाताना वारा काहीसा समोरून आणि बराचसा उजव्या बाजूने येतो, परतताना थोडा पाठीशी असतो. फरक पडतो साधारण पाच ते पंधरा मिनिटांचा, हिवाळ्यात वारे जोरात असले की जास्त.

ही कमाई हीथ्रोवर हमखास टिकतेच असं नाही. उतरणाऱ्या विमानांची गर्दी झाली की त्यांना ठरलेल्या चार जागांपैकी एकीवर घिरट्या घालत थांबवतात. बॉविंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकम अशी त्या जागांची नावं. नैऋत्येकडून येणाऱ्यांच्या वाट्याला सहसा ऑकम येतं. एका घिरटीला चारेक मिनिटं धरा. खिडकीतून तेच तळं दुसऱ्यांदा दिसलं तर घाबरू नका, तुम्ही रांगेत आहात.

लंडन आणि लिस्बनच्या घड्याळांत किती फरक आहे?

काहीच नाही. युरोपात गेलो की घड्याळ एक तास पुढे करायचं ही सवय इथे उपयोगाची नाही. पोर्तुगालची मुख्य भूमी आणि ब्रिटन एकाच वेळेवर चालतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी बदलतात. १९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने मध्य युरोपची वेळ धरली होती, नंतर सोडून दिली. पोर्तुगालच्या मदेरा बेटांची वेळही लंडनचीच. अझोर्स बेटं मात्र एक तास मागे.

त्यामुळे तिकिटावर सकाळी ११:०० ते दुपारी १:४५ दिसलं तर तो खरोखरच पावणेतीन तासांचा प्रवास आहे. स्पेनमार्गे जात असाल तर मध्ये एक तास वाढेल आणि लिस्बनला परत कमी होईल. भारताशी फरक दोन्ही शहरांचा सारखाच: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. घरी फोन करायची वेळ बदलावी लागत नाही.

दारापासून दारापर्यंत किती वेळ धरावा?

सव्वासात ते पावणेआठ तास. पावणेतीन तासांच्या भरवशावर त्याच दिवशी लिस्बनमध्ये सरकारी कामाची वेळ घेणारे दर वर्षी भेटतात. आमचं मत स्पष्ट आहे: तसं करू नये.

उदाहरण घ्या. साउथॉलमध्ये राहणाऱ्या माणसाचं विमान सकाळी ११:०० वाजता आहे. एलिझाबेथ लाइनने हीथ्रो जवळ, म्हणून ८:१५ला घर सोडलं. बॅग देऊन, सिक्युरिटी पार करून चहा घ्यायला थोडाच वेळ राहतो, कारण गेट सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी बंद होतं. १:४५ला विमान लिस्बनच्या गेटला. काही वेळा तेही गेट नसतं, मोकळ्या जागेत उभं करून बसने इमारतीत आणतात. मग पासपोर्टची रांग. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नसल्याने लंडनहून येणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट तपासला जातो. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर पंधरा-वीस मिनिटांत सुटका, भारतीय असेल आणि त्याच वेळी ब्राझीलची विमानं आलेली असतील तर तासभर किंवा जास्तही. बॅग आणि मेट्रो धरून हॉटेलवर पोहोचेपर्यंत साडेतीन-चार वाजतात.

दिलासा एवढाच की लिस्बनचा विमानतळ शहराच्या पोटात आहे, मध्यापासून सुमारे सात किलोमीटरवर. २०१२पासून मेट्रोची लाल मार्गिका थेट तिथवर येते.

विमान तीन तास उशिरा पोहोचलं तर पैसे मिळतात का? किती?

इथे मात्र अंतराचा आकडा खरा महत्त्वाचा ठरतो. युरोपियन युनियनचा २००४चा प्रवासी हक्कांचा नियम, क्रमांक २६१, आणि त्यावरून ब्रिटनने ठेवलेला स्वतःचा नियम, दोन्ही भरपाई तिकिटाच्या किमतीवर नाही, अंतरावर ठरवतात. पहिली रेघ आहे १,५०० किलोमीटरची. त्याच्या आत असाल तर २५० युरो, ब्रिटिश नियमाने २२० पौंड. १,५०० ते ३,५०० किलोमीटरमध्ये ४०० युरो किंवा ३५० पौंड. अंतर मोजायचं ते आखूड रेषेने. वैमानिकाने घातलेला वळसा त्यात धरत नाहीत.

हीथ्रो–लिस्बन १,५६४, म्हणजे रेघेच्या ६४ किलोमीटर पलीकडे. लंडनच्या सगळ्या विमानतळांवरून लिस्बन वरच्याच गटात पडतं. दक्षिण पोर्तुगालचं फारोही वरच्याच, हीथ्रोहून १,७१३ किलोमीटर. उत्तरेचं पोर्तो मात्र हीथ्रोहून १,२९८, म्हणजे खालचा गट.

गंमत ब्रिस्टलची आहे. स्विंडनच्या गोवेकरांना हीथ्रोपेक्षा ब्रिस्टल अंतराने जवळ, आणि ब्रिस्टलहून लिस्बन भरतं सुमारे १,४८८ किलोमीटर. जेमतेम १२ किलोमीटरनी रेघेच्या आत! दोन शेजारी एकाच दिवशी लिस्बनला निघाले, एक ब्रिस्टलहून, एक हीथ्रोहून, आणि दोघांनाही सारखाच चार तास उशीर झाला, तर पहिल्याला २२० पौंड आणि दुसऱ्याला ३५०. म्हणून विमानतळ बदलू नका, एम४ महामार्गावरचा ताप त्याहून महाग पडेल. पण दावा लिहिताना योग्य आकडा मागा.

खाण्यापिण्याच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. विमान सुटायला उशीर होणार असेल तर १,५०० किलोमीटरच्या आतल्या प्रवाशांना दोन तासांनंतर खाणं-पिणं द्यावं लागतं, त्यापुढच्यांना तीन तासांनंतर. म्हणजे ब्रिस्टलवाल्याला सँडविच आधी मिळतं.

उशीर कोणत्या क्षणापर्यंत मोजतात?

विमानाचं दार उघडेपर्यंत. चाकं धावपट्टीला टेकली ती वेळ धरत नाहीत. युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. उतरलात तेव्हा उशीर २ तास ५४ मिनिटं होता, गेट रिकामं नव्हतं म्हणून दहा मिनिटं थांबलात आणि मग दार उघडलं, तर उशीर ३ तास ४ मिनिटं आणि तुम्ही हक्कदार. ही मिनिटं नंतर सिद्ध करणं कठीण जातं. दार उघडलं की फोनवर एक फोटो काढून ठेवा, वेळ आपोआप नोंदली जाते.

कंपनी "असाधारण परिस्थिती" म्हणून नकार देते. मग?

खराब हवामान, नियंत्रकांचा संप, धावपट्टी बंद होणं या कारणांवर रोख भरपाई मिळत नाही. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र सहसा या सबबीत बसत नाही, कारण विमान नीट ठेवणं हे कंपनीचंच काम. कारण काहीही असो, खाणं, गरज पडल्यास रात्रीचं हॉटेल आणि विमान रद्द झालं तर पर्यायी तिकीट किंवा पैसे परत, हे द्यावंच लागतं. इथे बहुतेक लोक गप्प बसतात. भरपाई नाही म्हणजे काहीच नाही, असा समज होतो. जेवणाची आणि हॉटेलची बिलं जपून ठेवा, नंतर मागता येतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दावा करायला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. आधी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा. टक्केवारी कापून घेणाऱ्या मध्यस्थांकडे पहिल्याच दिवशी धावायची गरज नाही.

मुंबईहून लंडनमार्गे लिस्बनला गेलो तर किती अंतर होतं?

मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि पुढचे १,५६४ धरले तर ८,७५०च्या पुढे. मुंबई–लिस्बन सरळ रेषा सुमारे ८,०१७. म्हणजे लंडनमार्गे साताठशे किलोमीटरचा वळसा.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर भरपाईसाठी अंतर पहिल्या शहरापासून शेवटच्या शहरापर्यंत सरळ मोजतात. परतीला लिस्बनहून पहिलं विमान उशिरा सुटलं, हीथ्रोवर मुंबईचं विमान चुकलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलात, तर हिशेब ८,०१७ किलोमीटरचा आणि रक्कम ६०० युरोच्या गटातली. दोन वेगळी स्वस्त तिकिटं काढली असतील तर हे संरक्षण नाही, शिवाय चुकलेलं विमानही तुमच्याच माथी. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर लंडनला एक रात्र ठेवा.

आणि हे विसरू नका: नुसत्या हीथ्रोवर विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टधारकांना सर्वसाधारणपणे ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट मिळू शकते.

ब्रिटनचा व्हिसा आहे. लिस्बनला तो चालेल का?

नाही. ब्रिटनच्या व्हिसावर पोर्तुगालमध्ये शिरता येत नाही आणि शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज ब्रिटनमधूनच करायचा. त्याशिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बिगर-युरोपीय प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो, तो धरून चाला.

माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. मला काय लागेल?

लिस्बनला जाताना काहीच नाही, तुम्ही तिथले नागरिक आहात. प्रश्न परतताना येतो. ब्रिटनमध्ये सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही तिथे राहायची परवानगी, असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. पण नवा पासपोर्ट काढला असेल तर त्याचा क्रमांक तुमच्या ऑनलाइन खात्यात जोडून ठेवा. हे काम लोक विमानतळावर उभं राहून करायला बघतात, आणि पासवर्ड नेमका जुन्या फोनमध्ये असतो.

दर्जा नसेल, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट आहे पण राहणं गोव्यात किंवा लिस्बनमध्ये आहे, तर २ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनला जाण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती भेट देण्यापुरती असते. तिच्यावर नोकरी करता येत नाही, एजंट काहीही सांगो.

लिस्बनहून परतताना कोणत्या टर्मिनलवरून निघायचं?

येणारे सगळे टर्मिनल १ वरच उतरतात. निघताना मात्र कमी भाड्याच्या काही कंपन्यांची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. ते चालत जाण्याजोगं नाही. टर्मिनल १ वरून फुकट बस असते, तिच्यासाठी वीस मिनिटं जास्त धरा. मेट्रोही टर्मिनल १ पाशीच येते. विमानतळाचं अधिकृत नाव २०१६पासून उम्बेर्तु देलगादु असलं तरी टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून पोर्तेला हे जुनं नावच आहे.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

लिस्बनला जाताना उजवी. उन्हाळ्यात तिथे वारा बहुतेक उत्तरेकडून असतो, म्हणून विमान शहर ओलांडून दक्षिणेला जातं, वळतं आणि तेजु नदीवरून उत्तरेकडे तोंड करून उतरतं. २५ एप्रिलचा लाल पूल जवळजवळ पोटाखाली येतो आणि उजवीकडे नदीकाठचा क्रिस्तु रै पुतळा, मग जुनं शहर आणि किल्ल्याची टेकडी. छपरं इतकी जवळ दिसतात की पहिल्यांदा येणारे खुर्चीचा हात धरतात. वारा दक्षिणेचा असेल तर उतरणं उत्तरेकडून होतं. तेव्हा डावीकडे लांबलचक वास्को द गामा पूल दिसतो. वाऱ्याचं आधी सांगता येत नाही, तरी आम्ही उजवीच घेऊ.

तिकिटात ब्रिटनचा प्रवासी कर किती अंतराचा लागतो?

सगळ्यात खालच्या पट्ट्यातला. लंडनपासून २,००० मैलांपर्यंत राजधानी असलेल्या देशांना तो लागतो आणि लिस्बन त्यात सहज बसतं. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे, त्यांच्या तिकिटात तो दिसला तर विचारा. लिस्बनहून परतताना हा कर नसतो.

विमानाशिवाय जाता येतं का?

येतं, पण हौस हवी. रस्त्याने सुमारे २,२०० किलोमीटर. रेल्वेने लंडन–पॅरिस सव्वादोन-अडीच तास, पण पुढे स्पेन-पोर्तुगालची सीमा ओलांडताना गाडी अडते. फ्रान्सच्या सीमेवरून आणि माद्रिदहून लिस्बनला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या मार्च २०२० मध्ये बंद पडल्या आणि माद्रिद–लिस्बन थेट गाडी नाही. सीमेजवळच्या बदाहोसला गाड्या बदलत जावं लागतं. मध्ये स्पेनमध्ये एक मुक्काम धरून दोन दिवस ठेवा, आणि माद्रिदपुढच्या जोडगाड्यांच्या वेळा तिकिटं काढण्याआधी तपासा, कारण एक चुकली तर पुढची बऱ्याच तासांनी असते.